माळ्यावरची मऊ खेळणी बाहेर काढताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टेडी, ससे धुवायचे तर तेव्हाच. पावसाळ्यात या फंदात पडू नका.

आधी पोट दाबून पाहा. हलकं, उसळी घेणारं असेल तर आत फायबर. जड, गाठीगाठींचं असेल तर कापूस किंवा चिंध्या. घरी शिवलेल्या बाहुल्यांत बहुधा हेच. कापूस भिजवू नका. तो आतून लवकर वाळत नाही, गोळे होतात, कुबट वास बसतो. अशी बाहुली पिशवीत घालून दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा टाका, हलवा, अर्ध्या तासाने अंगणात ब्रशने झटका.

धुळीतल्या बारीक किड्यांची शंका असेल तर कोरडं खेळणं पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा. मेलेले किडे आतच राहतात, म्हणून धुणं त्यानंतर.

फायबरवाल्याचे सेल काढा. आवाजाची डबी निघत नसेल तर नुसतं पुसा. उसवलेली शिवण आधी टाचा, नाहीतर मशीनभर फायबर. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, हलकी फेरी, चमचाभर लिक्विड. बोअरचं पाणी जड असेल तर साबण निघत नाही, केस ताठ होतात. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला.

पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा. बाजेवर, सावलीत, वाऱ्याला ठेवा. भर उन्हात रंग उडतो. पोटाच्या शिवणीला नाक लावा. ओलसर वास आला तर अजून एक दिवस.