वेळखाऊ कामांचा एपीआय: क्यूच्या आधी करार

सोलापुरातून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींशी माझं अधूनमधून बोलणं होतं. बॅकएंडच्या, म्हणजे सर्व्हरवरचा कोड लिहिण्याच्या, जागेसाठी एक प्रश्न हमखास विचारला जातो: एखादा रिपोर्ट तयार व्हायला दहा मिनिटं लागतात, त्याचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने तो मागायचा दरवाजा, कसा लिहाल? बहुतेकांचं उत्तर 'क्यू लावू', म्हणजे काम रांगेत टाकून मागाहून करू, असं असतं. मग रॅबिटएमक्यू, सेलरी, काफ्का अशी त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची नावं येतात. उत्तर चूक नाही, पण क्यू हा सर्व्हरच्या आतला मामला आहे. बाहेरून हाक मारणाऱ्याला तो दिसत नाही आणि दिसूही नये. त्याला काय दिसणार, काय कळणार, जोडणी तुटल्यावर तो परत आला तर त्याच्या हातात काय असणार, हे आधी ठरवायचं. हाच करार. मी हे काम करत शिकलो आणि नव्याने येणाऱ्यांनी ते याच क्रमाने शिकावं असं मला मनापासून वाटतं.

उदाहरण आपल्या गावचंच घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टेरी टॉवेलचे कारखाने माल परदेशी पाठवतात. प्रत्येक कार्टनवर लेबल लागतं: ऑर्डर नंबर, साइज, रंग, नग, कार्टन क्रमांक आणि बारकोड. प्रत्येक खरेदीदाराचा नमुना वेगळा. एका शिपमेंटची हजारो लेबलं एका पीडीएफमध्ये बसवायची म्हणजे काही मिनिटं जातातच.

एका कारखान्यात मी आधीचं सॉफ्टवेअर चालताना पाहिलं. पॅकिंगचे सुपरवायझर बटण दाबायचे, चक्र फिरत राहायचं आणि मिनिटभराने पडद्यावर ५०४, म्हणजे 'मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही'. ते विचारायचे, "सर, परत दाबू का?" आणि दाबायचेच, कारण दुसरं करणार काय? आत मात्र पहिलं काम चालूच असायचं. दोन कामं, दोन पीडीएफ, कार्टन क्रमांकांच्या दोन मालिका. कंटेनर भरायच्या आदल्या रात्री बायका एकेका खोक्यावरचं स्टिकर सोलून दुसरं चिकटवत बसल्या होत्या. पीडीएफ बनवणारा कोड चांगला होता. त्याच्या भोवतीचा करार नव्हता.

ते ५०४ येतं कुठून, हे नीट समजून घ्या. एनजिनएक्सची प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि खरा सर्व्हर यांच्या मधला निरोप्या, मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद एकही बाइट आला नाही की थांबते. ही तिची मूळ सेटिंग. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवे या तशाच मधल्या सेवेत रेस्ट प्रकारच्या एपीआयसाठी मूळ मर्यादा २९ सेकंदांची आहे. पुढे मोबाइलचं नेटवर्क, ऑफिसचा राउटर, ब्राउझर असे सगळेच आपापल्या जागी जोडणी तोडू शकतात. मर्यादा वाढवून हा प्रश्न सुटत नाही, फक्त लांबतो. जोडणी कधीतरी तुटणारच, असं धरून आखणी करायची.

त्यासाठी मला पटलेली रीत अशी: 'लेबल तयार करा' ही क्रिया म्हणून न पाहता 'लेबल-काम' ही वस्तू म्हणून पाहायची. तिला स्वतःचा आयडी, स्वतःचा पत्ता, स्वतःचा जन्म आणि शेवट. पोस्ट, म्हणजे नवं काही नोंदवायची, विनंती आली की माहिती तपासायची, डेटाबेसमध्ये कामाची एक ओळ लिहायची आणि लगेच उत्तर द्यायचं:

एचटीटीपी/१.१ २०२ ॲक्सेप्टेड
लोकेशन: /लेबल-कामं/७सी४ई
रिट्राय-आफ्टर: १०

२०२ चा अर्थ 'विनंती घेतली, काम अजून झालेलं नाही, होईलच असंही नाही'. एचटीटीपीचा, म्हणजे वेबच्या विनंती-उत्तरांच्या भाषेचा, अर्थ सांगणारं आरएफसी ९११० हे मानक २०२२ सालचं आहे. २०२ च्या उत्तरात कामाची सध्याची स्थिती असावी आणि ती पुढे कुठे पाहता येईल तेही असावं, असं त्यात म्हटलं आहे. लोकेशन हेडरचा, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरच्या त्या ओळीचा, नेमका अर्थ मात्र त्यात २०१ ('नवी वस्तू तयार झाली') आणि ३०० च्या मालिकेसाठी ('दुसऱ्या पत्त्यावर जा') दिलेला आहे. २०२ सोबत तो वापरणं ही रूढ झालेली पद्धत. म्हणून मी तोच पत्ता उत्तराच्या जेसनमध्येही, म्हणजे आतल्या मजकुरातही, देतो, म्हणजे हेडर न वाचणाऱ्याचीही अडचण होत नाही. इनपुट चुकीचं असेल तर तिथल्या तिथे ४०० किंवा ४२२ हा चुकीच्या विनंतीचा कोड द्या. ऑर्डर नंबरच रिकामा आहे हे सांगायला माणसाला दहा मिनिटं थांबवू नका.

आता परत दाबलेल्या बटणाचं. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, काम नोंदलं गेलं आणि २०२ परत येताना नेट गेलं. क्लायंटला, म्हणजे हाक मारणाऱ्या प्रोग्रामला, काहीच माहीत नाही, तो पुन्हा पाठवणार आणि त्याने पाठवायलाच हवं. त्यामुळे प्रत्येक विनंतीबरोबर क्लायंटने स्वतः तयार केलेली एक किल्ली येऊ द्या, म्हणजे आयडेम्पोटन्सी-की. पैसे भरण्याच्या एपीआयमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. तीच किल्ली पुन्हा आली की नवं काम सुरू न करता जुन्याच कामाचा पत्ता द्यायचा. तीच किल्ली पण आतला मजकूर वेगळा असेल तर विनंती नाकारायची, नाहीतर दुसऱ्या ऑर्डरला पहिल्याची लेबलं मिळतील. आणि हे 'आधी शोधा, नसेल तर घाला' असं लिहू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळेल. ग्राहक आणि किल्ली या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहिली जाणार नाही, आणि निवाडा त्याच्यावर सोडा. किल्ली कधी बनवायची हेही महत्त्वाचं आहे: बटण दाबल्यावर प्रत्येक वेळी नवी बनवली तर तिचा उपयोगच राहत नाही. फॉर्म उघडताना बनवा आणि काम नोंदलं गेल्याची खात्री होईपर्यंत तीच ठेवा.

स्थिती सांगणाऱ्या पत्त्यावर नवे लोक एका जागी हमखास अडखळतात. काम फसलं, तर स्थिती विचारणाऱ्या त्या गेट विनंतीला ५००, म्हणजे 'सर्व्हरची चूक', द्यायचं का? नाही. स्थिती विचारली, स्थिती सांगितली, म्हणजे ती विनंती यशस्वीच झाली. उत्तर २००, म्हणजे 'ठीक', आणि आत लिहायचं 'स्थिती: अपयशी'. इथे ५०० दिलं तर क्लायंटला वाटेल की सर्व्हर पडलाय आणि तो तेच पुन्हा पुन्हा विचारत राहील. अपयशाचं कारण लिहायला आरएफसी ९४५७ मध्ये, म्हणजे २०२३ साली, ठरलेला साचा आहे: प्रकार, शीर्षक, तपशील वगैरे. तो वापरा. त्यात पुन्हा प्रयत्न करून उपयोग आहे का, हे मी स्वतःहून जोडतो. 'फॉन्ट सर्व्हर मिळाला नाही' आणि 'या रंगाचा कोड खरेदीदाराच्या यादीत नाही' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात थांबायचं, दुसऱ्यात फोन लावायचा.

स्थिती मोजक्याच ठेवा: रांगेत, चालू, पूर्ण, अपयशी, रद्द. शेवटच्या तिन्हींतून मागे फिरता येत नाही, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा. आतले टप्पे बाहेर दाखवायचा मोह आवरा, कारण एकदा दाखवलेल्या नावावर कुणीतरी कोड लिहितो आणि मग ते बदलता येत नाही. प्रगती टक्क्यांत देऊ नका असं माझं मत आहे. ९९ टक्क्यांवर चार मिनिटं अडलेलं काम पाहिलं की माणसाचा त्या आकड्यावरचा विश्वास उडतो. '१,८०० पैकी ६४० कार्टन' हे खरं असतं आणि सुपरवायझरला त्यावरून चहाला जायचं की नाही तेही ठरवता येतं.

मग झालं हे कळवायचं कसं? पोलिंगमध्ये क्लायंट अधूनमधून स्वतः विचारतो, वेबहुकमध्ये काम झालं की सर्व्हर क्लायंटच्या पत्त्यावर कळवतो. पोलिंग म्हणजे मागासलेपणा आणि वेबहुक म्हणजे प्रगती, असा एक समज पसरलेला आहे. मला तो पटत नाही. एमआयडीसीतल्या ऑफिसचा संगणक राउटरच्या मागे असतो. त्याला बाहेरून हाक मारताच येत नाही, तिथे वेबहुक कसा पोचणार? पोलिंग सगळीकडे चालतं. फक्त किती वेळाने विचारायचं ते रिट्राय-आफ्टरमधून सर्व्हरनेच सांगावं आणि क्लायंटने मधला वेळ हळूहळू वाढवत न्यावा, त्यात थोडा अनियमितपणाही ठेवावा. नाहीतर वीज गेली-आली की सगळी मशीन्स एकाच सेकंदाला सर्व्हरवर तुटून पडतात.

वेबहुक द्यायचाच असेल, तर तो पोलिंगच्या जोडीला द्या, त्याऐवजी नको. तो दोनदा येऊ शकतो, उशिरा येऊ शकतो, क्रम बदलून येऊ शकतो किंवा येणारच नाही. गिटहबचंच पाहा: त्यांच्या वेबहुकला १० सेकंदांत उत्तर गेलं नाही तर तो अयशस्वी धरला जातो आणि ते स्वतःहून पुन्हा पाठवत नाहीत. म्हणून घेणाऱ्याने आधी नोंद करून २०० द्यावं, काम मागाहून करावं. पाठवणाऱ्याने मजकुरावर एचएमएसी सही, म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने केलेली खूण, करावी आणि सहीत वेळही धरावी. सही तपासताना आलेला कच्चा मजकूर जसाच्या तसा घ्या. जेसन उलगडून पुन्हा बांधलं की एखादी मोकळी जागा बदलते आणि खरी सहीसुद्धा खोटी ठरते. ग्राहकाने दिलेल्या वेबहुकच्या पत्त्यावर आपला सर्व्हर डोळे झाकून जाणार नाही, हेही पाहा. १६९.२५४.१६९.२५४ असा पत्ता कुणी भरला तर तो क्लाउडच्या आतल्या माहितीपर्यंत पोचू शकतो.

क्यूबद्दल आता बोलू. लहान कामासाठी वेगळी क्यू लागतेच असं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून 'स्किप लॉक्ड', म्हणजे दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेण्याची सोय, आहे. अनेक वर्कर, म्हणजे आत कामं करणारे प्रोग्राम, एकाच तक्त्यातून, एकमेकांच्या पायात न येता, आपापलं काम उचलू शकतात. याचा मोठा फायदा असा की कामाची नोंद आणि रांगेतली जागा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली जाते, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही नाही. वेगळी क्यू असेल तर ओळ लिहिली गेली आणि संदेश गेलाच नाही, असा प्रसंग येतो आणि ते काम कायमचं 'रांगेत' राहतं.

वर्कर मधेच मरणार, हेही धरून चाला. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यूमध्ये वर्करने उचललेला संदेश मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद इतरांपासून लपलेला असतो. तेवढ्यात तो पुसला गेला नाही किंवा मुदत वाढवली नाही, तर दुसऱ्याला दिसतो. दहा मिनिटांच्या कामाला ही मुदत वाढवत राहावी लागते, नाहीतर तेच काम दोन वर्कर करत बसतात. त्यामुळे काम पुन्हा केलं तरी परिणाम एकच होईल असं लिहा. कार्टन क्रमांक आधीच राखून ठेवा, पीडीएफ बनवताना वाटू नका.

रद्द करणं ही सुद्धा विनंतीच असते. वर्कर प्रत्येक शे-दोनशे लेबलांनंतर 'थांबायचंय का' हे पाहतो. तोवर काम पूर्ण झालेलं असू शकतं आणि तसं असेल तर तसंच सांगायचं. तयार पीडीएफ किती दिवस ठेवणार ते उत्तरातच लिहा. मुदत संपल्यावर ४१०, म्हणजे 'आता उरलेलं नाही', द्या. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणुकीतल्या फाइलच्या सही केलेल्या दुव्याला जास्तीत जास्त ७ दिवस मिळतात, त्यामुळे दुवा साठवून ठेवण्यापेक्षा मागेल तेव्हा नवा बनवणं बरं. आयडी १, २, ३ असे देऊ नका, आणि यूयूआयडी, म्हणजे अंदाज न येणारा लांब आयडी, दिला तरी काम विचारणाऱ्याचंच आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा. एका निर्यातदाराच्या खरेदीदारांची नावं शेजारच्या निर्यातदाराला दिसणं सोलापूरसारख्या गावात फार महागात पडेल.

सरावासाठी मोठा प्रकल्प लागत नाही. मुद्दाम तीन मिनिटं झोपणारा एक वर्कर, एक तक्ता, दोन पत्ते. कर्ल या कमांडने विनंती पाठवा आणि उत्तर यायच्या आत वायफाय बंद करा, मग तीच किल्ली घेऊन परत या. काम चालू असताना वर्कर किल-९ या कमांडने अचानक मारा आणि काम किती वेळाने पुन्हा उचललं जातं ते पाहा. दोन टर्मिनलमधून एकाच क्षणी तीच किल्ली पाठवा, तक्त्यात एकच ओळ हवी. हे सगळं करून झालं की रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये, कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येतं त्याची आकृती टाका. मी कुणाचा कोड पाहायला घेतो तेव्हा आधी तीच उघडतो.