वनस्पतिजन्य पावडर क्लेन्झर पहिल्यांदा वापरताना

चेहरा धुण्यासाठीच्या पावडर स्वरूपातल्या क्लेन्झरमध्ये पाणी नसते आणि त्याचे बहुतेक गुणदोष या एकाच गोष्टीतून येतात. पाण्याशिवाय जंतू आणि बुरशी वाढत नाहीत, त्यामुळे अशा उत्पादनात परिरक्षके (प्रिझर्व्हेटिव्ह) अगदी कमी किंवा मुळीच न घालता चालते. मात्र ते पाणी शेवटी आपणच तळहातावर मिसळत असल्याने मिश्रण सौम्य होणार की खरखरीत, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. म्हणूनच पावडर कशी निवडावी यापेक्षा ती कशी भिजवावी आणि किती धीराने सुरू करावी, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तरीही सुरुवात वेष्टनावरची घटकांची यादी वाचण्यापासूनच करावी. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात आणि एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, त्यामुळे दर्शनी बाजूवर ज्या फुलाचे चित्र असते ते प्रत्यक्षात यादीच्या तळाशी सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. वनस्पतींची नावे बहुधा लॅटिनमध्ये असतात: अव्हेना सटायव्हा म्हणजे ओट, ओरायझा सटायव्हा म्हणजे तांदूळ. ओटची अतिशय बारीक पूड त्वचेची खाज आणि कोरडेपणा शमवते, तर तांदळाचा स्टार्च तेल शोषतो आणि हाताला मऊ लागतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हा नारळाच्या तेलातील मेदाम्लांपासून बनवलेला फेस देणारा घटक साबणापेक्षा बराच सौम्य असतो. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप; ७ हून कमी म्हणजे आम्लधर्मी, जास्त म्हणजे अल्कधर्मी) सुमारे ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि साबणाच्या द्रावणाचा ९ ते १० असतो. हा फरक लक्षात घेतला, तर यादीत अल्कधर्मी असलेला खाण्याचा सोडा वरच्या क्रमांकावर दिसल्यास ती पावडर कोरड्या किंवा संवेदनशील त्वचेसाठी का टाळावी हे सहज कळते. अक्रोडाच्या कवचाची किंवा फळांच्या कोयींची पूड असलेले उत्पादन चेहऱ्यासाठी घेऊच नये, कारण तिचे कण कडक आणि टोकदार असतात.

‘वनस्पतिजन्य’ या शब्दातून सौम्यतेची खात्री मिळत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पपईतील पापेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही विकरे (एन्झाइम) मृत पेशींमधील प्रथिने सैल करतात, म्हणूनच ती उपयोगी असतात आणि म्हणूनच नाजूक त्वचेला झोंबतातही. ज्यांना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी पापेनपासून दूर राहावे. कॅमोमाइल आणि कॅलेंड्युला सूर्यफुलाच्या कुळातील असल्याने त्या कुळातील झाडांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास देऊ शकतात. रिठा आणि शिकेकाईतील सॅपोनिने, म्हणजे फेस देणारे घटक, डोळ्यांत गेली तर जोरात चुरचुरतात. जपानमध्ये तर गव्हाच्या प्रथिनांचे विघटन करून बनवलेला घटक असलेल्या चेहऱ्याच्या एका साबणामुळे २,००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. रोज चेहरा धुताना त्वचेतून आणि डोळ्या-नाकाच्या अस्तरातून त्या प्रथिनाशी संपर्क येत राहिला आणि पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर अनेकांना गंभीर प्रतिक्रिया आल्या. तो साबण २०११ मध्ये बाजारातून परत घेण्यात आला. एखादे धान्य किंवा फळ खाल्ल्यावर ज्यांना ॲलर्जी होते, त्यांनी त्याच धान्याची किंवा फळाची पूड चेहऱ्यालाही लावू नये.

चेहऱ्यावर वापरण्यापूर्वी चाचणी घ्यावी, आणि ती एका दिवसात उरकू नये. चिमूटभर पावडर पाण्यात कालवून हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खोबणीत, नाण्याएवढ्या जागेवर लावावी, पाच मिनिटांनी धुवावी आणि हे दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस करावे. ॲलर्जीची प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या संपर्कानंतर लगेच दिसत नाही. शरीराला त्या घटकाची ओळख पटायला वेळ लागतो, त्यामुळे एका रात्रीच्या चाचणीवर विसंबणे धोक्याचे ठरते. लाली, खाज किंवा पुरळ उठल्यास ती पावडर तिथेच सोडून द्यावी.

चाचणी निर्विघ्न पार पडली की संध्याकाळची वेळ निवडावी. पाण्याने न निघणारे सनस्क्रीन किंवा मेकअप लावलेला असेल तर तो आधी तेलयुक्त क्लेन्झरने काढावा, कारण सौम्य पावडर एकटी त्याला पुरी पडत नाही आणि मग माणूस नकळत चेहरा घासू लागतो. हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि कोरड्या तळहातावर अर्धा चमचा पावडर घ्यावी. डबा चेहऱ्याजवळ धरून हलवू नये, कारण बारीक पूड श्वासावाटे आत जाते. आता कोमट पाण्याचे काही थेंब टाकून बोटाने कालवावे, थोडे थांबावे, मग आणखी थेंब टाकावेत. धान्याच्या पिठाला पाणी शोषायला काही क्षण लागतात आणि इथे घाई केली तर कोरडे कण तसेच त्वचेवर घासले जातात. मिश्रण दह्याइतके सैल झाले आणि बोटांमध्ये एकही कण लागेनासा झाला, की ते ओल्या चेहऱ्यावर लावावे. बोटांची टोके हलकेच गोलाकार फिरवावीत, डोळ्यांभोवतीचा भाग सोडावा आणि अर्धा ते एक मिनिट पुरे मानावे. विकरे असलेली पावडर लेपासारखी वाळू देणे तर कटाक्षाने टाळावे. नंतर कोमट पाण्याने भरपूर धुवावे, कारण केसांच्या कडेला आणि जबड्याखाली पीठ हमखास राहते. मऊ कापडाने टिपून चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, फक्त संध्याकाळी वापरावे आणि त्या काळात दुसरे कोणतेही नवे उत्पादन सुरू करू नये. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी संबंधित त्वचेवर लावायचे घटक) किंवा आम्लयुक्त सीरम वापरणाऱ्यांनी विकरांची पावडर त्याच रात्री वापरू नये. चेहरा धुतल्यावर येणारा ताण स्वच्छतेची खूण समजला जातो, पण तो त्वचेतील स्निग्धांश वाजवीपेक्षा जास्त निघून गेल्याचा इशारा असतो. ताण रोज जाणवत असेल तर आधी प्रमाण आणि वेळ कमी करून पाहावे, तरीही तो राहिला तर वापर थांबवावा. सूज, फोड किंवा डोळ्यांभोवती जळजळ झाल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घटकांची यादी सोबत न्यावी.

डबा न्हाणीघरात ठेवू नये. ओला चमचा किंवा ओली बोटे आत गेली, की परिरक्षक नसलेल्या पावडरीला असलेले कोरडेपणाचे संरक्षण संपते. म्हणून आठवड्यापुरती पावडर छोट्या कोरड्या बरणीत काढून मोठा डबा घट्ट बंद ठेवणे सोयीचे पडते. कालवलेले मिश्रण उरले तर दुसऱ्या दिवसासाठी न ठेवता टाकून द्यावे, आणि पावडरीत गुठळ्या झाल्या किंवा तिचा वास बदलला तर सगळा डबाच टाकून द्यावा.