लिफ्ट केलेल्या पिकअपचं अलाइनमेंट: या चुका टाळा

गेल्या पावसाच्या तोंडावर सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदाराची पिकअप फोंड्याला माझ्याकडे आली. काजूच्या बागेत उतरायला गाडी पुढून दोन इंच उचललेली. ‘‘भाऊ, चार महिन्यांत टायर आतून खाल्ला बघा. दोनदा अलाइनमेंट करून झालं.’’ मी खाली बसून टायरवरून हात फिरवला. आतल्या कडेला तार दिसायला लागली होती आणि बाहेरच्या कडेला नव्या टायरचे रबरी केस तसेच शाबूत होते. त्यांनी दोन्ही वेळचे छापील कागद काढून दिले. दोन्हींवर टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) हिरवा म्हणजे मापात, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) लाल म्हणजे मापाबाहेर आणि कास्टरचा (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा बाजूने पाहता पुढे-मागे कल) रकाना कोरा.

तो कोरा रकाना मला दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या कागदावर दिसतो. लिफ्ट किटवर लोक मोठा खर्च करतात आणि अलाइनमेंट मात्र टायर बदलल्यावर करतात तसं उरकून घेतात. उचललेल्या गाडीला तेवढ्यानं भागत नाही.

उंची वाढली की नेमकं काय होतं ते आधी पाहू. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म) असलेल्या गाडीत, म्हणजे व्ही-क्रॉस, हायलक्स, नवी थार यांच्यासारख्या गाड्यांत, वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असतो. गाडी उचलली की दोन्ही खाली झुकतात, पण आपापल्या वर्तुळात. त्यामुळे चाकाचा माथा आत किंवा बाहेर कलतो, तो कॅम्बर. बहुतेक गाड्यांत वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) खालच्याच्या मानाने पुढे येतो आणि कास्टर घटतो. स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी भरते आणि टो बिघडतो. स्टिअरिंग रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, त्यावर टो कोणत्या दिशेला जाणार हे ठरतं. तीनही आकडे एकदम हलतात, त्यामुळे एकच दुरुस्त करून गाडी सुधारत नाही.

फक्त टो सेट करून पैसे देणे

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. टो सेट करणं सोपं असतं. टाय रॉडचा लॉकनट सैल करून रॉड फिरवला की पडद्यावर हिरवा रंग येतो. टो महत्त्वाचा नाही असं मी अजिबात म्हणत नाही. एका चाकाचा टो १ अंश चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला साधारण १७ मीटर आडवं घासत जातं. फोंडा ते पणजी रोज जाऊन-येऊन करणाऱ्याने हा हिशेब करून बघावा. पण कॅम्बर आणि कास्टर हलवले की टो पुन्हा बदलतो. म्हणून आधी कास्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो, हाच क्रम धरायचा.

कास्टर मोजला की नाही, हे तुम्ही बाजूला उभे राहूनही ओळखू शकता. कास्टर मोजताना पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर ठेवतात, ब्रेक दाबून धरतात आणि चाकं दोन्ही बाजूंना ठरावीक अंशात, बहुधा २०-२० अंश, वळवतात. त्या वळणात कॅम्बर किती बदलला यावरून मशीन कास्टर काढतं. कुणी स्टिअरिंग असं वळवलंच नाही, तर कास्टर मोजलेला नाही. तिथेच थांबून विनंती करा. पाच मिनिटांचं काम आहे.

कमी झालेला कास्टर रस्त्यावर हातांना कळतो. अनमोड घाटात वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप मध्यावर यायला हवं. ते हातानं ओढून आणावं लागत असेल, तर कास्टर गेला आहे असं समजा. झुआरीच्या नव्या पुलावर आडवा वारा लागला की गाडी भरकटल्यासारखी वाटते, सारखं इकडे-तिकडे सावरत बसावं लागतं. लोक म्हणतात, ‘‘टायर मोठे घातले म्हणून असेल.’’ टायरचा वाटा असतोही, पण आधी कास्टर बघा.

गंजलेल्या कॅम बोल्टशी दांडगाई

बऱ्याच गाड्यांत कॅम्बर आणि कास्टर सेट करायला खालच्या आर्मच्या मुळाशी पुढे-मागे असे दोन कॅम बोल्ट असतात, ते फिरवले की आर्म थोडा आत-बाहेर सरकतो. गोव्याची हवा त्यांच्या मुळावर उठलेली असते. कळंगुट-कोलवाकडच्या गाडीला खारा वारा, डिचोली-कुडचड्याकडच्या गाडीला लाल चिखल आणि दोघींनाही चार महिन्यांचा पाऊस. बोल्ट बुशच्या (आर्मच्या मुळाशी असलेल्या रबरी जोडाच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो.

अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर केला की बोल्ट फिरतो आणि काम झाल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात बोल्टबरोबर नळी फिरलेली असते आणि भोवतीचं रबर पिळलं गेलेलं असतं. पडद्यावर आकडा हिरवा येतो. गाडी आठवडाभर चालली की रबराचा पीळ आर्मला ओढू लागतो, नाहीतर बुशच फाटतो. सत्तरीच्या गाडीत हेच झालं होतं. दोन बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे होते आणि बुशचं रबर गोल चिरलेलं होतं.

गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवा. सकाळी हलक्या हातानं दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवून बघा. नाहीच सुटला तर गॅसची ज्योत लावू नका, बुशचं रबर जळेल. बोल्ट कापून नवा बोल्ट आणि नवा बुश घाला, तेच शेवटी स्वस्त पडतं. नव्या बोल्टला तांब्याचं ग्रीस लावा. लिफ्ट किट बसवताना आर्म सोडवलेलेच असतात, तेव्हाच हे करून घेतलंत तर मजुरी एकदाच लागते.

चाकं लोंबकळत असताना बुश आवळणे

किट बसवताना गाडी स्टँडवर असते, चाकं हवेत असतात. आर्मचे बोल्ट तिथेच कचकचून आवळले, तर बुशचं रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेलं राहतं. उंची खोटी दिसते, बुश लवकर जातात. बोल्ट आधी हातघट्ट ठेवा. गाडी चाकांवर उभी करा, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा.

स्पेसरची जाडी म्हणजेच लिफ्ट असं धरणे

डबल विशबोनमध्ये शॉकअप खालच्या आर्मवर साधारण मधोमध कुठेतरी टेकलेला असतो. त्यामुळे त्याच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर घातला की चाकापाशी गाडी सुमारे ५० मिमी उचलली जाते. ५० मिमीचा स्पेसर मागवून ‘‘दोन इंच लिफ्ट’’ म्हणणाऱ्याची गाडी चार इंचांच्या आसपास जाते. मग बॉल जॉइंट टोकाला जातो, ड्राइव्ह शाफ्टचं बूट फाटतं आणि कॅम बोल्ट पूर्ण फिरवूनही कास्टर येत नाही.

माझा अनुभव असा की दोन इंचांपर्यंत मूळ कॅम बोल्टांवर बरंचसं जमतं. त्यापुढे वेगळ्या कोनात बनवलेले वरचे आर्म लागतात, ते बॉल जॉइंट मागे घेऊन कास्टर परत देतात. किटच्या पैशांतच त्यांचे पैसे धरा. ते परवडत नसतील तर लिफ्ट कमी ठेवा. इंचभर कमी उंचीने काजूच्या बागेत कुणाची गाडी अडलेली मी पाहिलेली नाही.

जिप्सी आणि जिम्नीला हाच हिशेब लावणे

या दोघींना पुढे अखंड ॲक्सल आहे. गाडी उचलल्याने कॅम्बर बदलत नाही, त्यामुळे कॅम्बरमागे वेळ घालवू नका. जिप्सीला पाटे आहेत, तिथे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालून कास्टर आणतात. जिम्नीला कॉइल आहेत, तिला कास्टरसाठी वेगळे बुश मिळतात. शिवाय जिम्नी उचलली की पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून लावलेला दांडा) ॲक्सलला एका बाजूला ओढतो. दोन्ही चाकं मडगार्डपासून किती बाहेर येतात ते मोजा, फरक दिसला तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या.

स्टिअरिंग वाकडं आलं तर कुठल्याही गाडीचं स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवू नका. टाय रॉडवर किंवा अखंड ॲक्सलच्या गाडीत ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) ते सरळ करायचं असतं. नव्या गाड्यांत त्यानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही स्कॅनर लावून शून्यावर आणावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहतो.

घरी काय तपासता येतं

सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा सारखी भरा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची डाव्या-उजव्या बाजूला मोजा. तिथेच फरक असेल तर आधी तो काढा, त्याआधीचं अलाइनमेंट फुकट जातं. कॅम्बरला गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोरी रिमसमोर लोंबती ठेवा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १७ इंची रिमवर साडेसात मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश.

टोसाठी दोन्ही टायरांच्या मध्यावर पुढच्या बाजूला खडूची खूण करून अंतर मोजा. गाडी ढकलून खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर कमी भरलं तर टो-इन, जास्त भरलं तर टो-आउट. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं करू नका. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर अलाइनमेंट बघा, ब्रेक चिकटतोय का तेही बघा.

किट घेण्याआधी एक काम विसरू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा.

सत्तरीच्या गाडीला शेवटी चार नवे कॅम बोल्ट, चार बुश आणि दोन टायर लागले. कास्टर दोन्ही बाजूंना जवळपास सारखा आला. कॅम्बर कंपनीच्या मापात बसला आणि टो सगळ्यात शेवटी लावला. नव्या स्प्रिंग थोड्या बसतातच, म्हणून हजार किलोमीटरनंतर बागायतदारांना परत बोलावलं होतं. चवथीच्या आठवडाभर आधी ते आले, मागे केळीचे घड भरलेले. उंची चार-पाच मिलिमीटर उतरली होती, टो किंचित हलला होता, तेवढा सरळ करून दिला. टायरच्या आतल्या कडेचे रबरी केस अजून जागेवर होते.