सीडी घालूनही जुनं मशीन बूट होत नाही? आधी घड्याळ बघा

रिपेअरिंगच्या दुकानात शिकायला लागून मला दीड महिना झाला होता. एक पेंटियम ४ मशीन आलं: ५१२ एमबी रॅम, आयडीई, म्हणजे जुन्या चपट्या केबलची हार्ड डिस्क, आणि पेन ड्राइव्हवरून बूट करायची, म्हणजे मशीन सुरू करायची, सोयच बायोसमध्ये (सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) नाही. सीडीवरून हलकं लिनक्स टाकायचं, एवढंच काम. त्यात माझे अडीच दिवस गेले, आणि आजही ते आठवले की पोटात खड्डा पडतो.

बूट ऑर्डर, म्हणजे मशीननं आधी कुठून सुरू व्हायचं तो क्रम, बदलता येते ना तुम्हाला? मीही बदलली होती. संध्याकाळी सीडी-रॉम पहिला लावला, एफ१० दाबून सेव्ह केलं आणि दुकान बंद करताना भिंतीवरचं बटण बंद केलं. सकाळी सीडी घातली. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्क्रीनवर तीच जुनी विंडोज एक्सपी. ऑर्डर तर कालच लावलीय, म्हणजे दोष दुसरीकडे, असं मी धरून चाललो. सगळा घोळ तिथेच झाला.

मग केबल बदलली, जंपर (केबलवरचा पहिला ड्राइव्ह, म्हणजे मास्टर, की दुसरा, म्हणजे स्लेव्ह, हे ठरवणारी छोटी पिन-टोपी) मास्टरवरून स्लेव्हवर नेला, दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह लावला, चार सीडी राइट केल्या. दर वेळी पॉवर कॉर्ड काढून कॅबिनेट उघडायचो, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या रात्री वैतागून पुन्हा बायोसमध्ये जाऊन ऑर्डर लावली आणि रिस्टार्ट केलं, तर मशीन चक्क सीडीवरून उठलं! नवी केबल लावलेली होती, म्हणून 'केबल खराब' असं वहीत लिहूनही टाकलं. सकाळी परत एक्सपी.

दुकानाच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते स्क्रू ड्रायव्हरला हातही न लावता म्हणाले, "सुरू होताना पहिलं काय येतं, ते मोठ्यानं वाच." मी वाचलं: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, पुढे जायला एफ१ दाबा. म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग्ज बिघडली, मूळची परत लावली. दोन दिवस मी हे न वाचता एफ१ दाबत होतो. बायोसमध्ये तारीख होती १ जानेवारी २००२, वेळ रात्री बारा वाजून चार मिनिटं.

नीट समजून घ्या. मदरबोर्डावर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज त्याच्यावर टिकतात. पण भिंतीवरचं बटण चालू असेल, तर मशीन बंद दिसत असतानाही एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, मदरबोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा देत राहतो आणि मेलेल्या सेलची उणीव झाकली जाते. म्हणून रिस्टार्ट केलं की ऑर्डर टिकायची आणि कॉर्ड काढली की पुसली जायची. मी केबल तपासायला कॅबिनेट उघडायचो तेव्हा माझीच ऑर्डर पुसत होतो, आणि त्या पुसलेल्या ऑर्डरवर केबलची परीक्षा घेत होतो! माझी एकही चाचणी खरी नव्हती. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून सेल मोजला, तर १.१ आला. नवा सेल चहा-वड्याच्या पैशात मिळाला. लिहिलेली, अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा, मग ऑर्डर आणि तारीख पुन्हा लावा. तारीख चुकीची राहिली तर पुढे ब्राउझरमध्ये सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि तुम्ही नेटला दोष देत बसाल.

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करून आणायची, हा शॉर्टकट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. चालतो तो. पण दोष मशीनमध्ये तसाच राहतो आणि महिन्याभरात गिऱ्हाईक परत येतं. हातातून काम काढून घेऊन पाच मिनिटांत करून देणाऱ्या उस्तादापेक्षा, वाचायला लावणारा गाठा. पगार थोडा कमी असला तरी.

सेल चांगला असेल तर बाकीचं. राइट केलेली सीडी दुसरीकडे उघडा. आत एकच आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत) दिसली तर ती नुसती कॉपी झालीय, इमेज म्हणून पुन्हा राइट करा. जुना सीडी ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही. एका केबलवर दोन मास्टर नकोत. आणि 'हा कर्नल (लिनक्सचा गाभा) ६४ बिट प्रोसेसर मागतो' असं काही आलं तर घाबरू नका. ती चांगली बातमी आहे, सीडी बूट झालीय. फक्त ३२ बिटची आणा.

फार जुन्या, ४८६ च्या काळातल्या काही बोर्डांवर नाण्यासारखा सेल सापडणार नाही. डॅलस असं लिहिलेला काळा ठोकळा दिसला, तर बॅटरी त्याच्या आतच असते. काही बोर्डांवर तो सॉकेटमध्ये असतो, काहींवर झाळलेला. झाळलेला असेल तर पहिल्या वेळी एकट्यानं सोल्डरिंग गन लावू नका.