टकर कार्लसन यांच्या राजकीय भूमिकांवर टिपण कसे तयार करावे

कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयीन परिसंवादात किंवा अभ्यासमंडळात टकर कार्लसन या अमेरिकी उजव्या भाष्यकारावर बोलायचे असेल, तर मोबाइलवर फिरणाऱ्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती आधी बाजूला ठेवाव्यात. त्या समर्थकांनी टाळ्यांसाठी तरी कापलेल्या असतात किंवा विरोधकांनी संतापासाठी तरी. पूर्ण भाषण किंवा मुलाखत ऐकल्याखेरीज एकही विधान वहीत उतरवू नये.

कारकिर्दीचा आराखडा एका परिच्छेदात संपवावा: सीएनएनवरील ‘क्रॉसफायर’मध्ये उजवी बाजू मांडणारे निवेदक, पुढे एमएसएनबीसी, २०१० साली ‘डेली कॉलर’ या संकेतस्थळाची सहसंस्थापना, नोव्हेंबर २०१६ पासून फॉक्स न्यूजवर रात्रीचा कार्यक्रम आणि एप्रिल २०२३ मध्ये त्या वाहिनीतून बाहेर पडल्यावर स्वतःचे स्वतंत्र माध्यम.

त्यानंतर प्रत्येक वादासाठी तारीख, विधान, आक्षेप आणि त्यांचा खुलासा असे चार रकाने आखावेत. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्थलांतरामुळे देश अधिक गरीब, अधिक अस्वच्छ आणि अधिक दुभंगलेला होतो, अशा आशयाचे वक्तव्य केले आणि अनेक जाहिरातदारांनी त्यांच्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. एप्रिल २०२१ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्ष सध्याच्या मतदारांच्या जागी तिसऱ्या जगातील अधिक आज्ञाधारक मतदार आणू पाहत आहे, असे ते म्हणाले. ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या ‘महाप्रतिस्थापन’ सिद्धांताचीच (गोऱ्यांच्या जागी मुद्दाम परक्यांना आणण्याचा कट चालू आहे, या दाव्याचीच) भाषा आहे, असा आक्षेप घेऊन ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने त्यांना काढून टाकण्याची मागणी केली. आपण वंशाविषयी नव्हे तर मतदानाच्या हक्काविषयी बोललो, असे त्यांचे म्हणणे होते. मला हा खुलासा पटत नाही, परंतु तो वहीत आलाच पाहिजे, कारण तो वगळलेले टिपण अभ्यास न राहता आरोपपत्र होते.

पुढचे काम बदललेल्या भूमिका शोधण्याचे. इराक युद्धाला त्यांनी आरंभी पाठिंबा दिला आणि २००४ मध्येच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. जानेवारी २०२० मध्ये रिपब्लिकन प्रशासनाने इराणी सेनानी सुलेमानी यांना ठार केले, तेव्हाही त्यांनी टीका केली. जानेवारी २०१९ मधील एका दीर्घ भाषणात तर त्यांनी बाजारपेठेची पूजा करणाऱ्या स्वपक्षीयांनाच फटकारले. ‘उजवा’ हा शिक्का एकदा मारला की अशा नोंदी सुटून जातात. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांच्या विरोधात सनातनी बाजू घेणारे ‘केसरी’कार टिळक आणि राजद्रोहासाठी मंडालेचा कारावास भोगणारे टिळक एकच होते, आणि त्यांच्यावर लिहिताना दोन्ही नोंदी ठेवाव्या लागतात.

सर्वाधिक वेळ न्यायालयीन कागदपत्रांना द्यावा, कारण तिथे मत आणि तथ्य यांतील सीमारेषा प्रत्यक्ष तपासली जाते. त्यांच्या कार्यक्रमातील वक्तव्यावरून झालेला बदनामीचा एक दावा सप्टेंबर २०२० मध्ये फेटाळला गेला. अशा कार्यक्रमातील बोलणे अतिशयोक्त भाष्य असते, हे सुज्ञ प्रेक्षकाला कळते, हा फॉक्स वाहिनीचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत आपल्या यंत्रांनी घोटाळा केल्याचे खोटे दावे प्रसारित झाल्याबद्दल डॉमिनियन या मतदानयंत्र कंपनीने भरलेला खटला मात्र वाहिनीविरुद्ध होता, कार्लसन त्यात व्यक्तिशः प्रतिवादी नव्हते, ही नोंद ठळक करावी. त्यात उघड झालेल्या खासगी संदेशांत, या घोटाळ्याचा दावा करणाऱ्या, ट्रम्प यांच्या वकील सिडनी पॉवेल खोटे बोलत असल्याचे कार्लसन यांनी सहकाऱ्यांना लिहिले होते आणि जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविषयी तीव्र तिरस्कार व्यक्त केला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये पॉवेल यांनी पुरावा दिला नसल्याचे त्यांनी कार्यक्रमातही सांगितले होते, हेही त्याच पानावर लिहावे. आणि जुलै २०२४ मध्ये ते ट्रम्प यांच्या उमेदवारीसाठी भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात व्यासपीठावरून बोलले, हेसुद्धा. खासगी आणि जाहीर बोलण्यातील ही तफावत मला त्यांच्या कोणत्याही एका वादग्रस्त वाक्यापेक्षा गंभीर वाटते, कारण प्रेक्षक त्यांच्यावर विसंबून मत बनवत होते.

डॉमिनियनच्या खटल्यात वाहिनीने १८ एप्रिल २०२३ रोजी ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि सहा दिवसांनी, २४ एप्रिलला, कार्लसन बाहेर पडल्याची घोषणा झाली. इथे ‘त्यामुळे’ हा शब्द लिहू नये. वाहिनीने तेव्हा कारण जाहीर केले नाही, म्हणून तारखा शेजारी ठेवाव्यात आणि निष्कर्ष श्रोत्यांवर सोडावा.

सादरीकरणात आपले मत ‘माझ्या मते’ असे म्हणूनच मांडावे. वेळ पंधरा मिनिटांचाच असेल, तर कारकिर्दीचा परिच्छेद आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी घेतलेली पुतिन यांची मुलाखत वगळावी, इराकची नोंद आणि डॉमिनियनचे संदेश ठेवावेत, आणि शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत.