पावसाळी ताप-खोकला: कुटुंब जपताना या चुका टाळा

महाराष्ट्रात फ्लूची साथ साधारणपणे वर्षातून दोनदा डोके वर काढते. पहिली जुलै ते सप्टेंबरच्या पावसात आणि दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. तान्ह्या बाळांच्या छातीवर जाणारा आरएसव्ही हा विषाणूही आपल्याकडे बहुतेक पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत बळावतो. घरोघरी काळजी घेतली जात नाही असे मुळीच नाही, परंतु ती ताप आल्यावर आणि मुख्यतः औषधांच्या रूपाने घेतली जाते. फ्लू झालेला माणूस मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ लागतो. बहुतेक चुका या उशिरातूनच होतात.

फ्लूच्या लसीच्या बाबतीत हे सर्वात ठळकपणे दिसते. सोसायटीत चार जण आजारी पडले की लसीची चौकशी सुरू होते. लस टोचल्यावर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे ती मे महिन्यात किंवा फार तर जूनच्या आरंभी घेतलेली बरी. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला ही लस पहिल्यांदाच दिली जात असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि अनेक पालक दुसरा डोस विसरतात. ‘मागच्या वर्षी घेतली होती’ हे कारणही पुरेसे नाही, कारण विषाणू बदलतो, लसीतील घटक बदलतात आणि संरक्षणही ओसरते. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याचे रक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीमुळे आणि घरातील इतरांच्या लसीमुळे होते. राज्यात गरोदर स्त्रियांना तसेच मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांना ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत दिली जात आली आहे, तेव्हा आधी तेथे विचारावे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत काही चुका केवळ मायेपोटी होतात. आंघोळीनंतर बाळाला धुरी देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ओवा, वेखंड किंवा धूप काहीही असले तरी अखेर तो धूरच असतो आणि त्याने बाळाच्या अरुंद श्वासनलिकांना त्रास होतो. बाळगुटी मधात उगाळून देणेही टाळावे, कारण एक वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाला आलेल्या पाहुण्यांना ‘सर्दी असेल तर बाळाला लांबूनच बघा’ असे सांगणे अवघड वाटते, हे खरे. तरीही आजीने किंवा आत्याने ते आधीच सांगून ठेवले, तर आईवरचे दडपण कमी होते.

घरात एक जण आजारी पडला की उरलेले सगळे ओळीने पडतात, अशी तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी आधी खिडक्यांकडे पाहावे. पाऊस आत येतो म्हणून त्या दिवसभर बंद असतात, एसी तीच हवा फिरवत राहतो आणि आजारी माणूस सर्वांबरोबर टीव्हीसमोर बसलेला असतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात आणि शक्य असेल तर आजाऱ्याला वेगळ्या खोलीत झोपवावे. एकाच खोलीचे घर असेल तर निदान त्याने नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावावा व त्याचे अंथरूण खिडकीजवळ असावे. मास्क निरोग्यांना लावून आजाऱ्याला मोकळे सोडणे ही उलटी तऱ्हा बऱ्याच ठिकाणी दिसते.

औषधांत सर्वाधिक गैरवापर अँटिबायोटिकचा होतो. विषाणूवर ते चालत नाही, तरीही मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या परस्पर दिल्या जातात. कफ पिवळा किंवा हिरवा झाला, एवढ्यावरून ते सुरू करू नये. मात्र उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला असू शकतो. तेथे डॉक्टर ते देतील आणि तेव्हा ते आवश्यकच असते.

पॅरासिटामॉलचा घोळ वेगळा आहे. सिरपच्या 5 मिलिलीटरमध्ये एका बाटलीत 120 किंवा 125, तर दुसऱ्या बाटलीत 250 मिलिग्रॅम औषध असते आणि बाळांच्या थेंबांत तर ते एका मिलिलीटरलाच 100 मिलिग्रॅम असते. ‘एक चमचा’ हे माप त्यामुळे धोक्याचे आहे. डोस वजनावरून ठरतो, तेव्हा बाटली बदलली की डॉक्टरांना पुन्हा विचारावे. ताप उतरवण्यासाठी मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीचे सिरप देऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ते सहसा टाळावे, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिली आहे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देऊ नये. त्याने विषाणू मरत नाही आणि भाजण्याचे अपघात मात्र होतात.

शेवटची चूक म्हणजे थर्मामीटरकडेच पाहत राहणे. ताप किती आहे यापेक्षा श्वास कसा चालला आहे, हे लहान मुलांत अधिक महत्त्वाचे असते. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक असतील तर थांबू नये. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, दूध न ओढणे किंवा मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसल्यास मोजत न बसता रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला तरी त्याच दिवशी दाखवावे. वृद्धांना मात्र कित्येकदा ताप येतच नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले किंवा जेवेनासे झाले, तर तेही लक्षण समजावे. फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ‘दोन-तीन दिवस पाहू’ असे म्हणून घरी न थांबता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.