पी पफर आणण्याआधी: गोगलगायींचा टब, मग बाकीचं सगळं

टाकी नंतर घ्या. आधी माशाच्या खाण्यासाठी गोगलगायींचा टब लावा, मासा घरात यायच्या निदान सहा आठवडे आधी. मागच्या खेपेला टाकी, फिल्टर, झाडं सगळं जागच्या जागी होतं, टब तेवढा राहून गेला. म्हणून या वेळी यादीची सुरुवातच टबापासून.

पी पफर हा कोकणातले मच्छीमार ज्याला केंड म्हणतात त्याच्याच गोतावळ्यातला, पण जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा आणि पूर्ण वाढला तरी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा. मूळचा केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांमधला. 1941 मध्ये होरा आणि नायर यांनी केरळातल्या पंबा नदीतून तो शास्त्रात नोंदवला. हा शिकारी आहे, हललं तरच त्याच्या लेखी ते खाणं. पेलेट, फ्लेक यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. दुकानदार ‘खातो ना सगळं’ म्हणेल, त्याला विकायचं असतं. बाजारात येतो तो बहुतेक नदीतून पकडलेला असतो, आणि पकडल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत बऱ्याचदा उपाशीच असतो. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) खायला शिकायला काही मासे दोन दिवस घेतात, काही दोन आठवडे. एवढ्याशा जिवाकडे दोन आठवड्यांची शिल्लक नसते. गोगलगाय मात्र तो पहिल्या दिवशी खातो. आणि मासा आणल्यावर टब लावला तर खाण्याजोगी पहिली पिढी हाती यायला महिना जातो.

तर टब. 20 लिटरचे दोन, एक नव्हे. एक कधीतरी सडतोच, आणि सडतो तो एका रात्रीत. त्यात रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर गोगलगायी, प्रत्येकी 15-20 मोठ्या. मत्स्यालयाच्या दुकानात पाणवनस्पतींच्या टाकीत त्या फुकट चिकटलेल्या असतात, मागितल्या की देतात. तळ्यातून, ओढ्यातून, शेततळ्यातून आणू नका. आपल्याकडच्या तळ्यात सापडणारी रॅम्सहॉर्नसारखी चपटी गोगलगाय गुराढोरांच्या रक्तातले चपटे कृमी वाहते. त्यांची पिल्लं पाण्यात सुटली की तुमच्या हातालाही खाज सुटते. उभ्या, टोकदार शंखाची मलेशियन ट्रम्पेटही नको. तिचं कवच दगडासारखं असतं आणि पफरचं तोंड त्यावर चालत नाही.

टबात एअर स्टोन (एअर पंपाची हवा बुडबुड्यांत सोडणारा दगड) सोडा. खायला उकडलेल्या दुधीची एक चकती किंवा पालकाचं एक पान, तेही 24 तासांनी बाहेर. सगळ्यात जास्त टब मरतात ते इथेच: पान विसरलं, कुजलं, अमोनिया वाढला, सकाळी सगळी कवचं तळाला. भाजी आधी चांगली धुवा, कीटकनाशक गोगलगायींनाही मारतं. कवचासाठी कॅल्शियम लागतं. अंड्याची टरफलं उकळून, चुरून टाका, नाहीतर समुद्रफेसाचा तुकडा. मुंबईच्या नळाचं पाणी मऊ, तिथे हे हवंच. कवचाच्या टोकाला पांढरे खड्डे दिसू लागले की कॅल्शियम कमी पडतंय. आरओचं पाणी टबात ओतू नका. टबाच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, नाहीतर डास अंडी घालतील आणि महापालिकेचा माणूस दंडाची पावती घेऊन दारात येईल.

मोठ्या गोगलगायी जेलीच्या ठिपक्यात अंडी घालतात, ती एक ते तीन आठवड्यांत फुटतात, आणि पिल्लं मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढी झाली की खाण्याजोगी. हेच माप लक्षात ठेवा: माशाच्या डोळ्याएवढी किंवा किंचित मोठी. पाच मासे असतील तर आठवड्याला 30-40 लहान गोगलगायी सहज लागतात. हा आकडा टबात डोळ्यांनी दिसत नाही तोवर मासे आणायला निघू नका.

आता बाकीचं.

मासा ओळखायला शिका. ‘फ्रेश वॉटर पफर’ म्हणून जे विकतात त्यातला निम्मा माल निमखाऱ्या पाण्यातला असतो. पाठ हिरवी-पिवळी, त्यावर काळे गोल ठिपके, पोट पांढरं शुभ्र: ग्रीन स्पॉटेड. पाठीवर पिवळ्या रेषांचे आठासारखे वेढे: फिगर एट. दोन्ही गोड्या पाण्यात काही महिने तग धरतात, मग झिजत जातात, आणि लोकांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. फहाका खरोखर गोड्या पाण्यातला, नाईलचा, पण तो हातभर वाढतो. पी पफर मोठ्या वाटाण्याएवढा, पिवळसर-हिरवा, अंगावर गडद डाग.

टाकी 2 फूट बाय 1 बाय 1. काठोकाठ 56 लिटर, वाळू-झाडं धरून प्रत्यक्षात 48 च्या आसपास. त्यात पाच मासे, एक नर आणि बाकी माद्या. नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ असते आणि डोळ्यामागे सुरकुत्या. दुकानातली पिल्लं इतकी लहान असतात की हे कळतच नाही, तेव्हा नंतर जास्तीचा नर बाजूला काढायची तयारी ठेवा. एकच ठेवायचा तर 20 लिटर पुरतात. सोबत दुसरे मासे नकोत. गप्पीच्या शेपटीच्या दोन दिवसांत झिरमिळ्या करतो.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपवर चालणारा. ताकदीचा पॉवर फिल्टर असेल तर तोंडाला स्पंज बांधा, कारण हा पोहणारा मासा नव्हे, प्रवाहात भिरभिरतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की पाणी उलटं नळीतून खाली येतं आणि सगळं फरशीवर. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवरचा पंपही घेऊन ठेवा.

टाकी सायकल केल्याशिवाय, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू दिल्याशिवाय मासा नाही. कोळंबीचा बोराएवढा तुकडा जाळीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडा, अमोनिया 2 पीपीएमच्या आसपास आला की काढून टाका. चार ते सहा आठवडे जातात. लिक्विड टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर विसंबू नका. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 च्या खाली. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर वेळ निम्म्यावर येतो. हे चार-सहा आठवडे आणि टबाचे सहा आठवडे एकाच वेळी चालतात, म्हणून ‘टाकी झाली की टब बघू’ हे डोक्यातून काढा. टब लावलात ना?

पाणी 24 ते 27 अंश, पीएच 7 ते 8. पुण्या-नाशिकच्या थंडीत 50 वॉटचा हीटर. मे महिन्यात मुंबई-नागपुरात उलटी अडचण: पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. क्लोरीन काढायला अँटी-क्लोर, किंवा उघड्या बादलीत 24 तास.

झाडं भरपूर, म्हणजे टाकी जरा अडगळीची वाटेल इतकी. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास, हॉर्नवर्ट. एका माशाला दुसरा सतत दिसत राहिला की तो त्याला पळवून पळवून मारतो, झाडांनी ती नजर तोडायची. तळाला बारीक वाळू. रस्त्याकडेच्या देशी बदामाची सुकून आपोआप गळलेली दोन पानं धुऊन टाका, पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी घाबरू नका. सायकल पूर्ण झाली की मासे यायच्या आठवडाभर आधी टबातल्या 20 गोगलगायी इथेही सोडा.

मासे निवडताना बाजूने पोट बघा. गोल हवं, निदान सपाट. आत गेलेलं पोट, डोळ्यामागे बारीक झालेलं डोकं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा: तो मासा घेऊ नका, कीव आली तरी. दुकानदाराला समोर खाणं घालायला सांगा. ब्लडवर्म नसेल तर तुम्हीच घरून डबीत चार गोगलगायी घेऊन जा. (तेवढ्यासाठी तरी टब लावाल.) निरोगी पफर गोगलगाय दिसताच थांबतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, शेपटी बाजूला मुडपतो, अंग किंचित तिरपं करून जवळ सरकतो आणि तिची मिशी बाहेर येईपर्यंत वाट बघतो. मग एक झटका. हे केलं तर घ्या. घरी पैदास झालेले मिळाले तर तेच घ्या, निसर्गातला हा मासा आययूसीएनच्या धोक्यातल्या जिवांच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

आणताना जाळीने उचलू नका, पाण्यातच पेल्यात घ्या. हवेत काढला तर हवा गिळून फुगतो आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. पिशवी 20 मिनिटं तरंगवा, टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळा, मासा सोडा, पिशवीतलं पाणी टाकून द्या. दिवा बंद.

औषधं: अंगावर खवले नाहीत, म्हणून तांबं आणि फॉर्मलिन असलेली औषधं नकोत. कृमी मात्र गृहीत धरा. खाऊनही पोट खपाटीला राहत असेल तर लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड, लिटरला 2 मिलिग्रॅम, अंधारात 24 तास, मग तळ सायफन करून निम्मं पाणी बदला. तीन आठवड्यांनी पुन्हा. डोस लिटरवर मोजा, चमच्यावर नको.

पुढचं रोजचं. दिवसातून दोनदा थोडं खाणं. ब्लडवर्मचा अर्धा क्यूबही पाच माशांना जास्त होतो, उरलेलं लगेच काढा. हात धुवा, ब्लडवर्मची काहींना ॲलर्जी असते. गटारातले ट्यूबीफेक्स (बारीक लाल कृमी) नको. आठवड्याला 30 टक्के पाणी बदला, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा, रिकामी कवचं उचला. ब्लडवर्म शिकले म्हणून टब बंद करू नका. चोचीसारखे चार दात आयुष्यभर वाढत असतात आणि नुसत्या मऊ खाण्यावर झिजत नाहीत.

जास्तीच्या गोगलगायी किंवा मासे नाल्यात, तळ्यात सोडायचे नाहीत. चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर टाकीत 20-25 लहान गोगलगायी सोडून निघा, शेजाऱ्यांकडे ब्लडवर्मचं पाकीट देऊ नका. टबातलं पालकाचं पान मात्र निघायच्या आधी बाहेर.